बाळंतखोलीची स्लॅब

दर्शनाची कळ ओसरली, खोली क्षणभर शांत झाली आणि वाळकी फांदी मोडावी तसा बारीक आवाज नंदाबाईंना वरून ऐकू आला. त्यांनी मान वर केली. टेबलाच्या बरोबर वर स्लॅबला आलेला फुगवटा काल ओंजळीएवढा होता. आज तो सुपाएवढा झाला होता, आणि त्याच्या कडेनं एक नवी चीर भिंतीपर्यंत गेली होती.

नंदाबाई पंचविशीत लांज्याहून या खाडीकाठच्या उपकेंद्रात नर्स म्हणून आल्या, आता पन्नाशी उलटली. खाऱ्या हवेनं आतल्या सळ्या गंजतात, गंजल्या की फुगतात आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतात, हे गेल्या वर्षी तपासणीला आलेल्या इंजिनिअरनं त्यांना समजावलं होतं. ही खोली बंद करा, असंही तो म्हणाला होता. पुढं एवढंच झालं, की कुणीतरी गिलावा करून वर पांढरा रंग दिला. पावसाळ्यानंतर त्या रंगातून तांबूस ओघळ पुन्हा उतरले. बाळंतपणं मात्र थांबली नाहीत. रत्नागिरीचं सिव्हिल तासाभराच्या वाटेवर होतं.

चिमूटभर रेती दर्शनाच्या पोटावर पडली.

"हौसाकाकी, उठा," नंदाबाई म्हणाल्या. "हिला व्हरांड्यात न्यायची."

दर्शनाची सासू कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. ती ताडकन उठली. "भायेर? येडी झालीस काय गो? रस्त्यावरना मानसा जातत. माझी सून उघड्यावर बाळत होनार?"

"वर बघा जरा."

हौसानं बघितलं. "ता कधीपासना तसाच हाय. काय पडत नाय."

"सिस्टर, मला नाय उठवत," दर्शना कण्हली.

"पुढची कळ यायच्या आत उठायचं. टाक माझ्या गळ्यात हात."

एका हातानं दर्शनाला सावरत, दुसऱ्या हातात नाळ कापायची पेटी घेऊन नंदाबाईंनी उंबरा ओलांडला. मागून हौसा पुटपुटत गादी ओढत आली. व्हरांड्याच्या दोन खांबांना तिनं चादर बांधली आणि रस्त्याकडे पाठ करून आडोशाला उभी राहिली. १०८च्या गाडीला फोन झाला होता. गाडी यायच्या आधीच बाळ आलं. मुलगी. पहिल्याच श्वासाला रडली.

"पडली काय तुझी स्लॅब?" नातीला पदरात घेत हौसा फणकारली. "फुकटचा तमाशा केलास माझ्या सुनेचा."

नंदाबाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. वार पडली होती, पण रक्त थांबत नव्हतं. पोटावर हात ठेवला तर गर्भपिशवी मऊच. बाळ झाल्या झाल्या द्यायचं इंजेक्शन... ते ट्रेमध्ये होतं, आणि ट्रे आत, टेबलाच्या उशाशी.

"काकी, बाळाला हिच्या छातीवर ठेवा. इथं हात धरा. असं गोल चोळत राहा, सोडू नका."

"तू कुठं चाललीस?"

"औषध आत राहिलंय."

हौसानं खोलीच्या दाराकडं बघितलं. आतून रेती झरल्याचा आवाज येत होता. "नको गो बाय जाऊ," ती हळूच म्हणाली.

नंदाबाई भिंतीला धरून आत गेल्या. वर बघायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. ट्रेवर पांढरी धूळ साचली होती. सिरिंज घेतली, औषधाची काचेची कुपी मुठीत धरली. मानेवर काहीतरी टोचत पडलं. धावावंसं वाटत होतं, पण पाय घसरला असता तर कुपी फुटली असती. त्या आल्या तशाच, भिंतीभिंतीनं, बाहेर आल्या.

त्यांनी कुपी फोडली, सिरिंज भरली. दर्शनाच्या मांडीत सुई गेली. नंदाबाईंनी पोटावर हात ठेवला, आणि आत स्लॅब खाली आली.

व्हरांड्याची फरशी हादरली. दारातून धुळीचा लोट बाहेर आला. हौसा सुनेवर आणि नातीवर पालथी पडली. धूळ बसली तेव्हा टेबल मधोमध वाकलेलं दिसलं. वर उघड्या पडलेल्या सळ्यांचे गंजून पापुद्रे सुटले होते. काही तर तारेएवढ्या उरल्या होत्या.

नंदाबाईंच्या हाताखाली पिशवी हळूहळू घट्ट होत गेली. रक्त ओसरलं.

गाडी आली. दर्शनाला आत घेतलं. बाळाला घेऊन चढता चढता हौसा थांबली, मागं वळली आणि पदराच्या टोकानं तिनं नंदाबाईंच्या तोंडावरची धूळ पुसली.

"नर्सबाय, आता आमच्या बायांनी जायचा कुठं?"

नंदाबाईंनी तिला हात देऊन गाडीत चढवलं. गाडी वळणाआड गेली.

बाळंतखोलीचं दार त्यांनी ओढून घेतलं. त्याला कुलूप नव्हतंच. अवेळी कुणी आलं तर किल्ली शोधत बसायला नको म्हणून इतक्या वर्षांत कधी लावलं नव्हतं. त्यांनी बँडेजची पट्टी फाडून कडीला बांधली, गाठ मारली, ओढून बघितली. मग खुर्ची काढून व्हरांड्यात मांडली. दुपारी वरच्या वाडीतल्या दोघी गरोदर बायका तपासून घ्यायला यायच्या होत्या.