नळात आलेली देवी

घरातून धंदा करायचा म्हटलं की पहिली वादावादी होते ती मीटरवरून. कोलशेतच्या खाडीकडेला यज्ञेशच्या घरीही तेच झालं. मासळीच्या धंद्यासाठी त्याने पडवीत दोन मोठे फ्रीझर आणून ठेवले, तेव्हा त्याची बायको शिवानी म्हणाली, "अरे, घरच्या मीटरला एवढा लोड झेपेल का? धंद्याचं वेगळं मीटर घेऊ ना."

"त्याचा दर माहित्येय तुला? वर वायरिंग बदला, अर्थिंग दाखवा, साहेबांच्या मागे फिरा! तू डोंबिवलीच्या फ्लॅटात वाढलेली, तुला सगळं कागदावर पाहिजे. मी बघतो काय ते."

त्याने काय बघितलं, ते कळलं नाही. फ्रीझर मात्र रात्रंदिवस घुमू लागले आणि बिल पहिल्याइतकंच येत राहिलं. शिवानीला ते खटकलं. पण फुकटचा थंडावा नको कोणाला? तिने बिल घडी करून डब्यात ठेवलं.

मग एका सकाळी अंगणातून सासूबाईंची हाक आली.

"शिवानी! आगं, ये गो लवकर! नलाला हात लावला तं अंगान झिणझिण्या आयल्या!"

सगुणाबाईंनी जन्मभर मासळी विकलेली. वादळाला न घाबरणारी ही बाई नळासमोर हात जोडून उभी होती. शिवानीने बोट टेकवलं. हातातून कोपरापर्यंत काहीतरी सरसरत गेलं, जणू आतून कुणी ओढ घेत होतं.

"आई, करंट असेल हा."

"काही नाही," यज्ञेश दारातूनच म्हणाला. "मी टेस्टर लावून बघितलाय."

झालं! शेजारच्या शालनकाकी आल्या, त्यांच्याही अंगावर काटा उभा राहिला. दुपारपर्यंत नळाला हळदकुंकू लागलं, संध्याकाळी नारळ फुटला. आळीतल्या बाया अनवाणी यायच्या, नळाला तांब्याभर पाणी घालायच्या, ओल्या हातांनी त्याला कवटाळायच्या. एखादीचा हात सुटायला क्षणभर जास्त लागला, की म्हणायच्या, "तिला देवीआईनं धरून ठेवली!"

शिवानी शिकलेली होती, तरी तिन्हीसांजेला त्या लालभडक नळाकडे बघायला धजत नसे. वाटायचं, तोही आपल्याकडे बघतोय. आणि तिची दीड वर्षांची हेमाली नेमकी तिकडेच दुडूदुडू जायची. हजार वेळा उचलून आणावं, तरी हजार वेळा जायची.

एके दिवशी नळाखालच्या ओल्यात मांजरीचं पिल्लू ताठ होऊन पडलेलं दिसलं. तोंड उघडं, अंगावर जखम नाही.

"भोग घेतला आईनं," शालनकाकी कुजबुजल्या.

शिवानीने हेमालीला उचलून घरात नेलं. सासूबाईंनी मात्र मनावर घेतलं. मंगळवारी नळाला न्हाऊ घालायचं, ओटी भरायची आणि हेमालीचे हात त्याच्यावर टेकवायचे! "पोरीवर आईची नजर राहील," त्या म्हणाल्या.

मंगळवारी दुपारी अंगण बायकांनी भरलं. शिवानीला राहवेना. ती आत गेली आणि तिने घरचा मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, दिवे गेले. सगळं घर निपचित झालं.

पण पडवीतले फ्रीझर घुमतच होते!

ही वीज मीटरमधून येतच नव्हती. मग कुठून येत होती? आणि भिंतीतून, नळाच्या पाइपाला घासून ती कुठवर गेली होती?

ती बाहेर धावली. सासूबाई पाण्यात अनवाणी उभ्या होत्या, नुकती न्हाऊ घातलेली हेमाली त्यांच्या कडेवर, तिचे इवलेसे हात नळाकडे झेपावलेले. शिवानीने लेकीला अक्षरशः ओढून घेतलं.

"आगं, काय करतंस?"

"आई, आधी तुमच्या मुलाला पाया पडू दे. देवी आल्यापासून आळीतल्या सगळ्यांनी नळाला हात लावला, यज्ञेशने एकदाही नाही. यज्ञेश, ये ना! चपला काढून ये!"

दारातला यज्ञेश पांढराफटक पडला. तो जागचा हलेना. तेवढ्यात सासूबाईंनीच नळाकडे हात नेला.

"आई, थांब! एवढ्या पाण्यात उभी राहून हात नको लावू!"

तो पडवीत धावला. मीटरच्या मागे दडवलेला फ्यूज त्याने उपटला आणि घुमणं एकदम थांबलं. इतकी शांतता की खाडीवरचा वारा ऐकू यावा.

सगुणाबाईंनी हात नळावर ठेवला. काही नाही. थंडगार पितळ.

"फ्रीझरची वायर मीटरच्या आधीच जोडलेली," यज्ञेश खाली मान घालून म्हणाला. "करंट थोडासाच येत होता गं. वाटलं, कोणी मरणार नाही. आणि देवी म्हटल्यावर वायर कोणी शोधत नव्हतं."

"थोडासा? त्या पिल्लाला इचार!" सगुणाबाईंचा आवाज फाटला. "मी इथं डोकं टेकत होते रे, आनि तू सपाता घालून बघत होतास! खाडीन दुसऱ्याच्या जाल्यातला म्हावरा काढनाऱ्याला आपन दारात उभा करत नाय. ही बी तीच चोरी! सगल्या गावाच्या वाटनीची वीज ती. आनि चोरीची वाट अशीच आसते, आंधारातून. तिथं कोन मरतंय, ते चोराला बी दिसत नाय!"

"म्हंजे देवी नव्हतीच?" शालनकाकींनी विचारलं.

"देवी तिच्या देवलान हाय, काकी. आपन चोरीला कुंकू लावत होतो."

यज्ञेश सगळ्यांसमोर रडला. फ्रीझरमधली मासळी त्याने त्याच दिवशी आळीत वाटून टाकली. दुसऱ्या दिवशी वीज कार्यालयात जाऊन झालं ते कबूल केलं, दंड सोसला आणि फ्रीझरचा लोड पेलेल असं धंद्याचं मीटर मागितलं. सोबत पक्कं अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विचही. आळीत त्याला बरेच दिवस टोमणे खावे लागले. त्याने ते मुकाट्याने खाल्ले.

मंडळी, मीटर निवडताना आपण फक्त दर बघतो. लोड किती, वायर कशी, अर्थिंग आहे का, हे विचारणाऱ्याला भित्रा म्हणून हसतो. पण वीज ना भक्ती ओळखते, ना नातं. जिथे आपण तिला लपवतो, तिथे ती आपलंच माणूस गाठते. म्हणून चार पैसे जास्त गेले तरी चालतील, घरात येणारी वीज हक्काची आणि उजेडातून आलेली असू द्या!