पंचाचं हलतं बोट

कळंबच्या कोंडाजी भोईरनं एकतीस वर्षं टेनिस क्रिकेटमध्ये पंचगिरी केली, आणि त्यातली तीस वर्षं त्याचं बोट जागच्या जागी राहिलं. एकतिसाव्या वर्षी, उपांत्य सामन्यात, ते वर गेलं आणि तिथंच थरथरायला लागलं.

फलंदाज त्याचाच पुतण्या, रूपेश. झेल सरळ होता, भांडायला जागा नव्हती. पण रूपेशनं बोटाकडे पाहिलं. ते डावीकडे-उजवीकडे हलत होतं.

"काका, आऊट देताय का नाय म्हणताय?"

"आऊट हाय रं."

"बोट तर नाय म्हणतंय."

स्कोअररनं तोवर रूपेशच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलंही होतं. पुढच्याच षटकात कोंडाजीनं यष्ट्यांवरून गेलेला चेंडू वाईड दिला. गोलंदाज तावातावानं आला. कोंडाजीनं त्याला शांतपणे समजावलं, की चेंडू कलिंगडाएवढा दिसला. मधला भाग सरळ होता, पण कड रेषेबाहेर गेली.

"मग अर्धा वाईड द्या," गोलंदाज म्हणाला.

कोंडाजीनं त्यावर खरोखर विचार केला. काळजीची गोष्ट ती होती.

कोंडाजीची बावीस वर्षं खालापूरकडच्या खडी क्रशरवर गेली होती. क्रशर बंद पडला, धूळ छातीत राहिली. आता सकाळ-संध्याकाळ वाफेच्या मशीनमधून औषध घ्यायचं, तेव्हा कुठे श्वास चालायचा. आणि श्वास चालतोय तोवर यष्ट्यांमागं उभं राहायचं, एवढं एकच त्यानं आयुष्यात ठरवून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी समिती मोरूच्या टपरीवर बसली. मोरू चहा विकायचा आणि क्रीडा समितीचा सेक्रेटरी होता. दोन्ही कामं तो एकाच फडक्यावर भागवायचा.

"कोंडाजीतात्या, रविवारी फायनल. समोरच्या लोधिवलीवाल्यांनी पत्र दिलंय. अंपायरचा डोळा आनि हात बदलून मिळावा म्हणतात. शनिवारपातुर बरं व्हा, नायतर रविवारी तुमी मंडपात, पाहुण्यांशेजारी. शाल देऊ."

शालीचं नाव निघताच कोंडाजीचा चेहरा उतरला. शाल मिळालेला माणूस पुन्हा मैदानात उतरल्याचं कळंबमध्ये कुणाला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंबाबाईनं नवऱ्याला आणि पिशवीत मशीनला घेतलं आणि कर्जतला डॉक्टर रोहिणींकडे नेलं. समितीचा निरीक्षक म्हणून मोरूही गेला.

"घरी जसं घेता, तस्संच घेऊन दाखवा," डॉक्टर म्हणाल्या.

कोंडाजीनं आधी पंचाची टोपी घातली. मग मास्क लावला. त्याच्या मिशा अशा, की मास्क त्यांच्यावर होडीसारखा तरंगत राहिला. मशीन घरघरलं आणि वाफ वरच्या फटीतून निघून थेट डोळ्यांत गेली. टोपीच्या कडेनं ती तिथंच अडवून धरली.

"अहो, सगळं डोळ्यांत जातंय!"

"जाऊ द्या की मॅडम. अंपायरला डोळं लागतात."

"म्हणूनच धूसर दिसतंय. यातलं एक औषध डोळ्यांत गेलं की असंच होतं. आणि मॅचच्या दिवशी किती घेता?"

"दोन वेळचं एकदम. दिवसभर उभं ऱ्हायाचं तर टाकी फुल नको?"

"म्हणून हात कापतो आणि छाती धडधडते. ठरवून दिलंय तेवढंच घ्यायचं. थोडा कंप तरीही येईल, पण तास-दोन तासांत उतरेल. जीभ दाखवा."

जिभेवर पांढरे ठिपके होते.

"औषध घेतल्यावर चूळ भरत नाही ना?"

"औषध थुकायचं?" कोंडाजी दुखावला. "आमच्यात पानात वाढलेलं टाकत नाय."

"छातीत गेलं ते तुमचं. तोंडात उरतं त्यावर बुरशी जेवते. आता जिभेसाठी वेगळं औषध देते, पण यापुढं चूळ भरायची आणि थुंकायची."

इतक्यात मोरूला उपाय सापडला. "मिशाच काढू. समिती ठराव करंल."

अंबाबाईनं पदर सारखा केला.

"लग्नात मी ह्या मिशांकडं बघून हो म्हणलं व्हतं. बाकी काय व्हतं बघण्यासारखं?"

डॉक्टरांनी ठरावाची वाट न बघता कपाटातून एक नळी काढली. मास्क नको, ही दातांत धरायची आणि ओठ मिटायचे. मिशा बाहेर, वाफ आत.

"आनि रविवारी औषध घेतलंच नाय तर?" कोंडाजीनं हळूच विचारलं.

"मग बोट अजिबात हलणार नाही. तुम्ही ॲडमिट असाल. सातला घ्या, सामना नऊला. डोळे लाल झाले, दुखले किंवा धडधड थांबेना, तर मॅच सोडून सरळ इकडे."

कोंडाजीनं सगळं मान्य केलं. चूळ मात्र त्यानं आपल्या पद्धतीनं बसवली. सहा चुळांची एक ओव्हर, आणि ओव्हर संपली की अंबाबाईनं तसं मोठ्यानं सांगायचं.

रविवारी औषध सातला झालं. सामना नऊला होता. उद्घाटनाचे पाहुणे पावणेअकराला आले. सगळं गाव वैतागलं, एकटा कोंडाजी खुशीत होता. अकरा वाजता त्यानं काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला मोरूसमोर हात लांब करून धरला. थेंब सांडला नाही. मोरूनं शाल पिशवीत परत घातली.

सामना शेवटच्या चेंडूवर आला. कळंबला बरोबरीसाठी एक धाव हवी होती, आणि बरोबरी झाली तर करंडक दोन्ही गावांनी सहा-सहा महिने ठेवायचा, असा नियम होता. रूपेशनं चेंडू ढकलला आणि स्वतः कोंडाजीच्या टोकाकडे धावत सुटला. रेषेजवळ त्याच्या पायातली चप्पल निसटली आणि सरपटत त्याच्याआधी पोचली. रूपेश मागून येत होता. तेवढ्यात चेंडू यष्ट्यांवर बसला.

कोंडाजीला सगळं लख्ख दिसलं. चप्पल आत, रूपेश बाहेर, बॅट हवेत. बोट वर गेलं.

"काका! चप्पल आत हाय!"

"चप्पल नॉट आऊट हाय रं. तू आऊट."

"माझीच हाय ना ती!"

"मग तिला ऱ्हाऊ दे. तू चल."

भाताच्या खाचरातलं ते सगळं मैदान बोटाकडे बघत होतं. वाऱ्यानं टोपी हलली, मिशा हलल्या. बोट हललं नाही. लोधिवलीवाले ढोल घेऊन नाचत सुटले, आणि कळंबनं कोंडाजीच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. तो ते सगळं ऐकत यष्ट्या उपटत होता. पंचाला शिव्या बसल्या म्हणजे सामना झाला, असं तो पहिल्यापासून मानायचा.

संध्याकाळी समिती बसली. पंच बदलायचा विषय कुणी काढला नाही. एकच ठराव झाला: पुढच्या वर्षीपासून फलंदाजानं मागं पट्टा असलेली चप्पल घालावी. रूपेश काकाशी बोलत नसल्यामुळे त्यानं सूचना चिठ्ठीवर लिहून दिली. अनुमोदन कोंडाजीनं दिलं.