उघडी गाडी, गार गाडी

"माणसाच्या आयुष्यात निर्णयाचा क्षण एकदाच येतो, आणि तो आज तुझ्यासमोर उभा आहे," असं म्हणून श्यामसुंदरशेठनी बशीतला चहा ओढला. हाच क्षण त्यांनी सोमवारपासून आणखी तीन ड्रायव्हरांसमोर उभा केला होता. तिघेही त्याला वळसा घालून निघून गेले होते.

कात्रजच्या आवारात दोन गाड्या उभ्या होत्या. एक उघडा ट्रेलर. ना भिंती, ना छप्पर. कारखान्यांची यंत्रं चढवायची, वर ताडपत्री टाकायची आणि दोरांनी आवळायची. दुसरी रीफर, म्हणजे चाकांवरचा फ्रिज. पांढरीशुभ्र, चारी बाजूंनी बंद, कपाळावर गारव्याचं मशीन.

"ट्रेलरला ताटकळणं फार," शेठ म्हणाले. "क्रेन येईल तेव्हा माल चढणार. रीफरला ताटकळणं नाही. मशीन बंद पडलं की माल गेला, आणि मालापाठोपाठ तू."

"आणि पगार?"

"दोन्हीला सारखाच कमी. उद्या सकाळी सांग. विचार करायचे पैसे मी घेत नाही."

संपतला हेवी लायसन मिळून वर्षही झालं नव्हतं. त्याचं मन रीफरवर बसलं होतं. दार लावलं की निघालं, दोर नाही, ताडपत्री नाही. पण हे घरी बोलायचं कसं? त्याचे वडील, गेनबा, सगळी उमेदीची वर्षं उघड्या ट्रेलरवर होते. एकदा भिजलेल्या ताडपत्रीवरून पाय सटकला आणि ते मालावरून थेट रस्त्यावर आले. तेव्हापासून लंगडत, आणि तेव्हापासून घरीच. घरात त्या प्रकाराचं नाव कुणी काढत नसे. 'त्या पावसाळ्यानंतर' एवढंच म्हणत, जणू त्या वर्षी पडला तो फक्त पाऊस.

रीफर हवी म्हणणं म्हणजे, आप्पा, तुम्ही जन्मभर केलंत ते मला नको, असं त्यांच्या तोंडावर म्हणणं. ते संपतच्यानं होणार नव्हतं.

संध्याकाळी त्यानं दोन्ही गाड्या सांगितल्या, स्वतःचं मत तेवढं सांगितलं नाही. गेनबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माळ्यावरचा दोर काढ. आन् बाज अंगणात घे."

"बाज कशाला आप्पा?"

"माल नगं का?"

बाजेवर घरातल्या सगळ्या गाद्या रचल्या गेल्या, त्यांवर पिठाचा डबा, त्यावर ताडपत्री. संपतची बायको शालू दोराचं दुसरं टोक धरून हसू दाबत उभी राहिली. आई, बायडाबाई, दारात आल्या.

"माझी गादी कुठं निघाली?"

"हैदराबादला," गेनबा म्हणाले.

"पोचली की फोन कर म्हणावं."

गेनबांनी गाठ मारून दाखवली, सोडली, संपतकडून मारून घेतली. दोर ताणल्यावर त्यावर बोट मारून आवाज ऐकला. "पयल्या चहाला थांबशील तवा परत आवळायचं. आन् हे बघ, मालावर हुभं राहून वढायचं न्हाय. जमिनीवर हुभं राहायचं, मग वढायचं."

"बरं."

"भिजली आसंल तर चढायचंच न्हाय."

"मग काय करायचं?"

"बसून राहायचं. माल थांबतो."

थोड्या वेळानं त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. जेवताना आणखी एकदा. बायडाबाईंनी मान वर न करता त्यांच्या ताटात भाकरी वाढली. आप्पांना इतकं बोलताना संपतनं कधी ऐकलं नव्हतं. किती हौस आहे त्यांना, असं त्याला वाटलं, आणि त्यानं मनातल्या मनात रीफरचं दार लावून टाकलं.

गाद्यांवरची गाठ मात्र अशी बसली होती, की ती कुणालाच सुटेना. घर सतरंजीवर झोपलं. हैदराबाद लांब आहे, एवढंच बायडाबाई म्हणाल्या.

सकाळी गेनबा बरोबर निघाले. "नुसतं बघाया," म्हणाले. आवारात शिरल्यावर त्यांनी ट्रेलरकडे पाहिलंही नाही. पाय ओढत रीफरभोवती पूर्ण फेरी मारली, आणि मान मागं टाकून तिच्या टपाकडे बघत राहिले.

"शेठ, हिच्या टपावर कुनाला चढाया लागतं?"

"मेकॅनिकला. मशीन बिघडलं तर."

"डायवरला?"

"ड्रायव्हर वर दिसला तर घरी पाठवीन."

"ब्येस."

"मग, ठरलं का?" शेठनी संपतला विचारलं.

"ट्रेलर घेतो," संपत म्हणाला.

गेनबा वळले. "का?"

"का म्हणजे? काल तुम्हीच एवढं शिकवलंत..."

"तू उघडीच घेनार वाटलं मला. पोरगं बापाचंच बघनार." त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला. "आता घेनारच, तर निदान नीट तरी बांध, म्हून शिकवलं."

संपत दोन्ही गाड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. गेनबांनी रीफरच्या केबिनचं दार उघडलं, खालूनच हात लांब करून ड्रायव्हरची सीट पंच्यानं पुसली, कोपरेसुद्धा पुसले.

"बस."

तो चढून बसला. गेनबांनी बाहेरून दार लावलं, हँडल धरून दोनदा ओढून पाहिलं, आणि तरीही हात तिथंच राहू दिला.

"लागलं का रं?"

"लागलं, आप्पा."

शेठनी घड्याळात पाहिलं आणि कागद केबिनमध्ये दिले. माल सोललेल्या मटारांचा होता आणि हडपसरपर्यंत जायचा होता.