सुटाचं माप

मक्याची कणसं सोलता सोलता नवरा-बायकोची पोराच्या लग्नाच्या सुटावरून जुंपली.

"एका दिवसाचं काम आहे, भाड्याचा आणू," दांडग्याचा बाप म्हणाला. "सकाळी अंगावर, संध्याकाळी परत."

"भाड्याच्या कोटात आधी किती जण घामाघूम होऊन गेलेत, कुणास ठाऊक," आई म्हणाली. "एकुलतं एक पोर माझं. त्याला मी दुसऱ्याच्या घामात उभा करायची नाही."

"मग पैसे?"

"दोन शेळ्या विकू."

"शेळ्यांत कापड येईल. शिलाई? बूट? आतला सदरा? अगं, सूट एकटा येत नाही, मागून सगळं वऱ्हाड घेऊन येतो."

हातातलं कणीस आईनं गुडघ्यावर आपटलं तशी पांढरी धूळ उडाली. टेकडीवर दगड फोडायची खडीमशीन बसल्यापासून रानात जे पिकेल त्यावर ही धूळ बसायचीच. वारं टेकडीकडून सुटलं की हिरवा मका पिठात घोळल्यासारखा दिसायचा. जमिनीवर तिचा थर भिजून वाळला की पापुद्रा धरायचा आणि खुरप्याला खरखरीत लागायचा.

दांडगा तेवढ्यात मशीनवरच्या कामावरून आला. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. लहानपणी वासरू मानेवर टाकून ओढा पार करायचा, तेव्हापासून गावानं त्याला दांडगा म्हणायला सुरुवात केली. खरं नाव आता फक्त मुकादमाच्या हजेरीवर उरलं होतं. तो उंबऱ्यावर बसला, जरा दम खाल्ला आणि म्हणाला, "भाड्याचाच आणा."

"का रे?"

"परत तरी करता येतो."

बाप हसला, "शहाणा आहे माझा," म्हणाला. आईला ते बोलणं आवडलं नाही. लग्नाच्या कपड्याबद्दल बोलताना परत करायची भाषा कशाला, असं तिला वाटलं. पण पोरगा जन्माचा काटकसरी, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही.

शेळ्या विकल्या. बाजारच्या गावी कापड दुकानदारानं ठाण उलगडून पुढ्यात टाकलं. गडद निळं, बोटांखाली मऊ.

"हे घ्या. पोरगा बाप झाला, आजोबा झाला, तरी कापड असंच राहील," तो म्हणाला.

एवढ्यावर आई जागच्या जागी विरघळली. बाप मात्र खाली बसून हिशोबाला लागला. अस्तर फुकट मिळवलं. जाकीट रद्द केलं, कोटाचं बटण लावल्यावर ते दिसतंय कुणाला. बटणं साधी. पँट एकच. बूट चुलतभावाचेच, काळं पॉलिश करून चालवायचे. एवढं करून शिलाईपुरते पैसे उरले, तेव्हा लढाई जिंकल्यासारखा तो मिशीवरून हात फिरवत बाहेर पडला.

शिंपी ओळखीचा होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. गळ्यातली टेप काढून त्यानं दांडग्याला उभं केलं.

"शिवणीत कापड जास्त ठेवा मास्तर," बापानं बजावलं. "लग्नानंतर पोरगं अंगानं भरतं."

"दोन बोटं ठेवतो. हां, श्वास मोकळा सोडा."

दांडग्यानं श्वास सोडला आणि त्याला खोकला लागला. टेप छातीवर हलत राहिली. मास्तर थांबला, पुन्हा टेप लावली, पुन्हा खोकला. "धूळ," दांडगा म्हणाला आणि हसला.

महिन्यानं ट्रायलला बोलावलं तेव्हा बापाला रानात काम होतं, मायलेक दोघंच गेले. कोट कच्च्या दोऱ्यात टाचलेला होता. दांडग्यानं तो अंगात घातला आणि आईच्या कपाळावर आठी पडली. खांदे दंडावर उतरले होते. पाठीवर कापडाची घडी पडत होती. पँट तर हातानं धरून ठेवावी लागत होती.

"काय हो मास्तर, कुणाचं माप घेतलं होतंत? शेळ्या विकून कापड आणलंय आम्ही."

मास्तरनं टेप लावली. छाती मोजली, कंबर मोजली आणि टेप हातात तशीच धरून राहिला. त्यानं दांडग्याकडे पाहिलं. दांडगा आरशात पाहत होता.

"माझंच चुकलं, वहिनी," मास्तर म्हणाला. "आत घेतो सगळं. त्याचे पैसे नकोत."

फुकटात काम झालं म्हणून आई दुकानातून ताठ मानेनं निघाली. पण बसमधून उतरून गावाकडचा चढ लागला आणि दांडगा चपलेचा पट्टा बघायला खाली बसला. थोडं चालून झाल्यावर पुन्हा बसला. तिसऱ्यांदा बसला तेव्हा आईनं चपलेकडे पाहिलं. पट्टा धडधाकट होता. पोराचा खांदा वरखाली होत होता आणि ओठांची कड निळसर झाली होती. तिनं विचारलं नाही. विचारलं तर तो सांगेल, याची तिला भीती वाटली.

घरी जाऊबाई चाळणी मागायला आल्या होत्या. त्यांचा नवरा त्याच खडीमशीनवर होता, गेल्या थंडीत गेला. त्यांनी आतून येणारा खोकला ऐकला आणि चाळणी हातात घेऊन तिथंच उभ्या राहिल्या.

"सूट कसा झालाय?" त्यांनी विचारलं.

"जरा सैल झालाय. मास्तरचं माप चुकलं."

"तुमच्या भाऊजींचे आधी सदरे सैल झाले होते," जाऊबाई हळूच म्हणाल्या. "मीही तेव्हा शिंप्यालाच बोलले होते."

"जाऊबाई, घरात लग्न आहे. तोंडातून चांगलं काही येत नसेल तर चाळणी घ्या आणि निघा."

जाऊबाई गेल्या. आई चुलीपुढे बसून राहिली. दूध उतू गेलं तरी तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंडी विकायचं निमित्त काढून ती एकटीच मास्तरच्या दुकानात गेली.

"कोट आत घेऊ नका," ती म्हणाली. "आहे तेवढाच राहू दे. आतून कापूस भरा. खांद्याला, छातीला, पाठीला."

"वहिनी, पोराला दवाखान्यात दाखवा आधी."

"लग्न होऊन जाऊ दे."

"आणि लग्न ठरलंय त्या मुलीचं काय?"

"कपडा तुमचा नाही, पोरगा तुमचा नाही. तुम्ही शिवा."

मास्तरनं मान खाली घातली आणि मशीनमधला दोरा बदलायला घेतला. बाहेर पडताना आईला वाटलं, त्यानं नाही म्हणायला हवं होतं.

सूट तयार होऊन घरी आला. दांडग्यानं तो घातला आणि बाप उठून उभाच राहिला. निळ्या कापडात रुंद छातीचा, भरल्या खांद्यांचा गडी उभा होता. "हा माझा पोरगा," बाप म्हणाला आणि शेजाऱ्याला बोलवायला धावला. दांडगाही आरशात बघून खुलला होता. किती तरी दिवसांनी त्याला स्वतःचं रूप दिसलं होतं.

मग त्यानं छातीवर बोट दाबलं. बोट आत गेलं. दुसरीकडे दाबलं, तिथंही गेलं.

"आई, हे काय भरलंय?"

"आजकाल तशीच फॅशन आहे."

त्यानं कोट काढला आणि खाटेवर ठेवला. खाटेवर कोट तसाच फुगलेला राहिला आणि समोर बनियनमध्ये तिचा पोरगा, गळ्याची हाडं वर आलेली. आईनं नजर वळवली.

"थुंकीतून रक्त पडतंय," तो म्हणाला. "आजचं नाही, बरेच दिवस झाले."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू शेळ्या विकत होतीस."

दांडग्यानं रोजचा सदरा अडकवला. "मी मुलीच्या घरी जाऊन येतो. तिला हे बघायला मिळायला पाहिजे."

"नको रे. लग्न झाल्यावर सांग. पोरगी गुणाची आहे, करेल तुझं."

"म्हणजे तुला सून नकोय, मला उचलायला-ठेवायला माणूस हवंय." तो रागानं बोलला नव्हता. म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

ती त्याच्या मागोमाग निघाली. अडवायला की सोबत करायला, हे तिचं तिलाही ठरवता आलं नाही.

मुलीचा बाप अंगणात दगडानं दावणीची खुंटी ठोकत होता. "या विहीणबाई, या जावईबापू," म्हणत त्यानं एका हातानं घोंगडी अंथरली. मुलगी दारात येऊन उभी राहिली. दांडग्यानं बोलायला सुरुवात केली, "मला तुम्हाला एक सांगायचंय. माझ्या छातीत..." आणि खोकल्यानं त्याला गाठलं. तो वाकला, भिंतीला टेकला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकला. सगळे त्याच्याकडे बघत होते. मग त्यानं आईकडे पाहिलं.

थंडीचा खोकला आहे, एवढं आईनं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पोरगा तर बोलूच शकत नव्हता, तिला खोटं कोण पाडणार होतं.

"त्याच्या छातीत धूळ बसलीय," ती म्हणाली. "रक्त पडतंय. सूट सैल झाला, म्हणून मी आत कापूस भरून घेतला. तुम्हाला दिसू नये म्हणून."

मुलीच्या बापानं हातातला दगड खाली ठेवला. मुलगी आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली, दांडग्याच्या हातात दिला.

"फोनवर बोलता बोलता थांबायचात," ती म्हणाली. "मला वाटायचं, लाजताय. डॉक्टर काय म्हणाले?"

दांडग्यानं नकारार्थी मान हलवली. आईनंही.

"म्हणजे कुणी दाखवलंच नाही?"

सूट झाला, बूट ठरले, बटणंही ठरली. हा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता. आईला तोंड लपवावंसं वाटलं. मुलीच्या बापानं त्यांना फाटकापर्यंत सोडलं. "विचार करून निरोप धाडतो, बाई," तो म्हणाला. येताना विहीणबाई होती, जाताना नुसती बाई झाली. तिला निरोप तिथंच कळला. तो आला दोन दिवसांनी, मुलीच्या मामाबरोबर.

त्या संध्याकाळी दांडग्याच्या बापानं लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे बायकोच्या ओटीत टाकले. "मोठ्या दवाखान्यात ने," म्हणाला आणि मक्याच्या रानात निघून गेला. टेकडीवर मशीन चालूच होती. दांडग्याच्या जागी दुसरा गडी लागला होता.

मोठ्या शहरातला दवाखाना. लांब बोळ, फिनाइलचा वास, छातीच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर भिंतीला लागून बाकं. बसायला जागा नव्हती. दांडगा भिंतीला टेकला. आईनं बाकावरच्या माणसांकडे पाहिलं. सगळे पुरुष, बहुतेक तरणेच. एकाची कॉलर मानेपासून सुटून उभी होती. दुसऱ्याच्या बाहीत हात हरवला होता. प्रत्येकाच्या शेजारी एक आई नाहीतर बायको, मांडीवर पिशवी घेऊन.

टोकाला बसलेल्या बाईनं आपल्या पोराला जरा आत सरकवलं आणि दांडग्यासाठी वीतभर जागा केली. तो बसला. बाई आईकडे वळली. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, काय होतंय तेही विचारलं नाही.

"तुमची मशीन कुठली?" तिनं विचारलं.