बरणीतले सात बेडूक

मित्रांनो, मी एक काचेची बरणी आहे, बरीच जुनी. गोळ्या-बिस्किटांची समजून जवळ येऊ नका. माझ्या पोटात सात मेलेले बेडूक होते, स्पिरिटमध्ये बुडवलेले. आता तीनच उरलेत. चार कुठे गेले ते सांगते, पण गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

कारखान्याच्या भट्टीतून निघाले ती थेट जीवसंग्रहालयाच्या मागच्या खोलीत आले. तिथल्या एका तरुण संशोधकाने दोन तळ्यांवरून हे बेडूक आणले. बोटं, नडगी, डोकं, सगळं मोजलं आणि सातांना मिळून एकच चिठ्ठी लावली. एकच जात! पुढे ते संग्रहालयाचे प्रमुख झाले. मापांवर त्यांचा एवढा जीव, की लोक पाठीमागे त्यांना 'मोजपट्टी' म्हणत. पाहुणे आले की ते मला उजेडात धरत. पाहुणे वाहवा करत आणि मी उगाच फुगत असे.

मग मला कपाटात ढकललं. स्पिरिट उडत गेलं, वरच्या बेडकाची पाठ उघडी पडली. वर्षानुवर्षं कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

एक दिवस प्रमुखांच्याच एका विद्यार्थिनीने मला खाली काढलं. कानाला सदा हेडफोन, म्हणून तिला सगळे 'कानसेन' म्हणत. तिने आधी मला स्पिरिट पाजलं आणि मग तोंड उघडलं.

"सर, यात दोन जाती आहेत. दिसतात सारखे, पण मोठ्या तळ्यावरचे टकटक करतात आणि टेकडीखालचे लांब शीळ घालतात. एकीकडच्या मादीला दुसरीकडचा आवाज ऐकवला, तर ती फिरकतसुद्धा नाही. संसारच होत नाही, तर एक जात कसली?"

"मेलेला बेडूक ओरडून दाखवतो का?" प्रमुख म्हणाले. "जात मापाने ठरते, मैफलीत नाही."

"बेडकांना कळतं ते तुम्हाला कळत नाही, एवढंच!"

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. टेकडीखालचं तळं बुजवून तिथे इमारती होणार होत्या. तिथला बेडूक वेगळा ठरला असता, तर तो जगात दुसरीकडे कुठेच नव्हता आणि काम थांबलं असतं. प्रमुखांनी 'सर्वत्र आढळणारी जात' असं लिहून सही केली की रस्ता मोकळा.

दोन दिवसांनी तिने एक जुनी वही माझ्या शेजारी अशी आपटली, की मी हादरले. प्रमुखांच्या तरुणपणची वही. आत पेन्सिलीने लिहिलं होतं, 'टेकडीखालचे चार. आवाज वेगळा?'

"हे अक्षर कोणाचं, सर?"

त्यांनी वही ओढली, खोडरबर घेतला आणि तिच्या देखत ती ओळ खोडली.

"कोणाचंच नाही. चालती हो."

सही झाली. तळं बुजलं.

तीन वर्षांनी तिचं म्हणणं इतर शास्त्रज्ञांनी तपासून मान्य केलं. तोवर 'मोजपट्टी' निवृत्त झाले होते. माझे बेडूक वेगळे करायचं ठरलं, पण चिठ्ठी एकच! कुठला कुठल्या तळ्याचा, कोणालाच सांगता येईना. शेवटी त्यांनाच बोलावलं. तिने नमस्कारसुद्धा केला नाही, नुसता चिमटा पुढे केला.

त्यांनी मोजपट्टी मागितली नाही. एक, दोन, तीन, चार. एकदाही न अडखळता बाहेर काढले.

"म्हणजे तुम्हाला ओळखू येत होते," ती म्हणाली.

"पहिल्या दिवसापासून."

"मग या आता."

ते गेले. चौघांना नवी बरणी मिळाली, नवं नाव मिळालं. चिठ्ठीवर तिने लिहिलं, 'आढळ: टेकडीखालचं तळं. आता कुठेच नाही.'

मित्रांनो, माझी धूळ पुसा, स्पिरिट वेळेवर भरा, एवढं तुम्ही कराल. पण कौतुकाने माझ्याभोवती गोळा होऊ नका. त्यापेक्षा जवळच्या तळ्यावर जा आणि ऐका. माझ्याकडे येतो, तो पुन्हा ओरडत नाही.