जाळं कधी ओढायचं?

काळूला अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात. साहेब, तुमचं नाव मला ठाऊक नाही, माझ्या पाठीवर नुसता तुमचा शिक्का आहे. पण हे बोलणं तुम्हालाच आहे.

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, कुणाच्या तरी दप्तरात बसून शाळेत जाईन. तेवढ्यात करोना आला आणि मी गुजरातच्या हद्दीवरच्या झाई गावात पोचलो, काळू खलाशाच्या घरी. त्याला हार्ट अटॅक येऊन गेला होता. गुजरातच्या दवाखान्यात स्टेंट टाकून तो घरी आला, तोच हद्द बंद, बस बंद. मग माझ्या पडद्यावर डहाणूहून साहेबांच्या प्रकल्पातल्या फिजिओथेरपिस्ट हेमालीबेन यायच्या आणि त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायच्या.

"काका, चालताना बोलत राहायचं. बोलताना दम लागला की थांबायचं."

"बोलू कुणाशी, बेन? जवळ कोण येतो आता?"

"मग टॅबशी बोला!"

त्या हसत म्हणाल्या, पण काळूने ते खरं धरलं. बोंबील वाळत टाकलेल्या काठ्यांच्या कडेने तो मला छातीशी धरून चालायचा आणि समुद्राच्या गोष्टी सांगायचा. पाण्याखाली खडक कुठे, घोळ मासा कुठे लागतो, सगळं. त्याची बायको हंसा मासळी पालथी करता करता ओरडायची, "माझ्याशी कधी एवढं बोललात काय? त्या डबड्याशीच लगीन लावा आता!"

हळूहळू दम कमी लागू लागला. हेमालीबेन खूश झाल्या. मलाही गर्व वाटला, खोटं कशाला बोलू? मग काळूने विचारलं, "बेन, जाळं कधी ओढू?"

त्याच्या बोटीवर जाळं हातानेच ओढतात. जो ओढत नाही, त्याला बोटीवर जागा नाही.

"डॉक्टरांना विचारून पुढच्या वेळी सांगते. तोवर हात लावू नका हं."

पुढची वेळ आलीच नाही. साथ ओसरली आणि साहेब, तुमचा प्रकल्प संपला. तुम्ही तिकडूनच मला कुलूप घातलंत. आता माझ्यावर फक्त 'सेवा बंद आहे' एवढंच उमटतं. काळू दवाखान्यात विचारायला गेला, तर म्हणाले, "तुमची फाइल टॅबवाल्यांकडे. त्यांनाच विचारा."

बोटी सुटतात. खलाशी हाका मारतात, "येतोस काय रे काळू, का टॅबची परवानगी पाहिजे?" बोटी लांब जातात. किनाऱ्यावर आम्ही दोघेच उरतो.

हंसा अजून मला चार्जिंगला लावते, फडक्याने खारं पुसते. काळू अजून मला घेऊन चालतो, बोलतो. मध्येच गप्प होऊन माझ्याकडे बघतो. दम लागलेला नसतो त्याला. तो माझ्या बोलण्याची वाट बघत असतो.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, असं मी सांगणार होतो. पण या घराने मला जपलंच आहे. ज्याला जपायला मला पाठवलं, त्याला कोण जपणार?

साहेब, काल काळूने जाळ्याला हात घातला. घातला आणि मागे घेतला. उद्या मागे घेईलच असं नाही. हेमालीबेनना पाठवा, नाहीतर स्वतः या. पण तोंड उघडा आणि सांगा, काळूने जाळं ओढायचं की नाही?