गडावरची चिखलणी

रिहे गावच्या वरच्या खाचरात त्या दिवशी चिखलणी झाली, आणि घरात कुणी हेमलताला एका शब्दानं विचारलं नाही.

पंधरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पॉवर टिलर बांधाबाहेर निघाला की तिचे सासरे, गेणबामामा, तिलाच हाक मारायचे. "हेमा, मूठ घालून बघ गं, चिखल कवा बसंल?" ती कोपरापर्यंत हात घालायची आणि ती सांगेल त्या दिवशी लावणी धरायची. यंदा मामांचा गुडघा धरला, त्यांना बांध उतरता येईना. आता तर ते आपली वाटच बघत बसतील, असं तिला वाटलं होतं. पण वाट बघायला त्यांना सवड होती कुठं? धाकटी जाऊ रेश्मा माणच्या एका आयटी कंपनीचं काम घरूनच करायची. काम सरलं की लॅपटॉपवर किल्ला बांधायचा खेळ मांडायची, आणि मामा तिच्या शेजारी बाजेवर, डोळे लावून.

हेमलता पडवीत आली तर आतून मामांचं हसू.

"अगं, त्या गड्याचं पाय बघ! समदा चिखल कोठारात नेला की त्यानं!"

"मागनं दुसरा पुसत येतोय ना, मामा. दिवसभर हेच चाललंय त्यांचं."

हेमलता उंबरा ओलांडणार, तोच मामा मान न वळवता म्हणाले, "हेमा, आधी पाय धू. रेश्मानं आत्ताच फरशी पुसलीया."

गडावरचा चिखल कौतुकाचा, आणि हिच्या पायाचा तेवढा घाण. ती मागं फिरली. पाय धुताना नाम घ्यायला गेली, पण मनात पुन्हा पुन्हा येत होती ती रेश्माच.

चातुर्मासात ती मुक्यानं जेवायची. ताटावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत तोंडातून अक्षर नाही. दिवस मावळायच्या आत ती ताट घेऊन बसली, तीही खेळ समोर दिसेल अशी. कशासाठी, ते तिचं तिलाच ठाऊक.

"मामा, गड सगळा खडकात आहे," रेश्मा सांगत होती. "खडकात काही उगवत नाही. म्हणून नदीचं पाणी आत घ्यायचं, खाली चिखल राहिला की पेरायचं. अळंबीचं बी आहे आपल्याकडे."

"पेरायचंच हाय न्हवं? मंग मला नगं शिकवूस. जल्म गेला चिखलात. उघड नदीचं दार."

पडद्यावर गडातल्या दगडी खोलीत पाणी पसरलं.

"बंद करू?"

"ऱ्हाऊ दे. घोटाभर पाणी उभं पायजे."

हेमलताचा घास हातातच राहिला. घोटाभर पाणी भाताला. अळंबीखाली पाणी उभं ठेवलं तर कुजून जाईल, हे रानात अळंबी वेचणारी कुणीही बाई सांगेल. पण मामांच्या डोळ्यांपुढं भाताशिवाय पीकच नव्हतं. एक शब्द पुरला असता. पण ती जेवत होती, व्रत होतं. बुडू दे एकदाचं, असंही मनात आलं आणि गेलं नाही. भाकरी संपली, कालवण संपलं, तरी ती रिकाम्या ताटात बोट फिरवत बसली.

नदी थांबेना. पाणी जिन्यावरून खाली उतरलं, कोठारात शिरलं, झोपायच्या खोल्यांत शिरलं.

"मामा, दार लावायला धाडलेला गडीच बुडाला!"

मग एकेक करत सगळेच गडी दिसेनासे झाले. मामा बाजेवर मागं सरले.

"माज्या हातानं बुडवलं. मातीतलं कळत हुतं, ते बी गेलं माजं." आणि ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

हेमलतानं हात धुतले. त्या दोघांचा खेळ मोडावा एवढंच तिला हवं होतं. हा माणूस मोडावा, असं नव्हतं. ती बाजेपाशी गेली.

"मामा, वरच्या खाचराचा चिखल उद्या बसतोय. परवा लावणी धरू का?"

"मला काय इचारतीस? तुजं तू बघ."

रेश्माकडं वळून ती म्हणाली, "हे परत मांडता येतं का गं?"

"दुपारचा डाव जपून ठेवलाय, ताई. पाणी सोडायच्या आधीचा."

"मंग मांड. मामा, ती अळंबी हाय, भात न्हाई. पाणी काढून टाकायचं, निस्ता चिखल ठेवायचा."

मामा वळले. "तवा का न्हाई बोललीस?"

"जेवत हुते."

"ताट कवाच रिकामं झालं हुतं तुजं. बघत हुतो मी."

रेश्मानं मान खाली घातली. हेमलताचे कान तापले. व्रताच्या आडून आपण काय केलं, ते देवाला दिसलं होतंच, आता घरालाही दिसलं.

"व्हय," ती म्हणाली. "रिकामंच हुतं."

मामा बाजेच्या कडेला धरून उठून बसले. "मंग पाणी काढायचं कुटनं? बोल की आता."

रेश्मानं सरकून आपल्या पलीकडं जागा केली. हेमलता तिथं बसली नाही. दोघांच्या मधोमध बसली, पदर सावरला आणि जावेला म्हणाली, "खालच्या अंगाला मोरी पाड. लई रुंद नगं."